वेताळ टेकडीवर, सर्वपित्रीच्या पहाटे

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगते. "रस्ता हवा की नको" एवढंच वाचायचं असेल तर थेट शेवटाकडे गेलात तरी चालेल. पण मग मधलं हुकेल, आणि माझ्या मते या विषयात मधलंच कुणी बोलत नाही.

यंदा सर्वपित्री अमावस्येला पहाटे मी आणि माझा लेक वेताळ टेकडी चढलो. लेक अकरावीत आहे, त्याला भूत म्हटलं की पिक्चर आठवतो. आम्ही गोखलेनगरच्या बाजूनं गेलो, कारण मी तिथलीच. अंधार होता, गवत कमरेएवढं वाढलेलं, बूट पाच मिनिटांत भिजले. रात्री जायचं धाडस केलं नाही. ते भुताच्या भीतीनं नाही हो. हल्ली टेकडीवर अंधारात लुटालूट होते, मोबाईल आणि गळ्यातलं काढून घेतात, म्हणून. आमच्या लहानपणी माणसं नसलेल्याची भीती होती, आता असलेल्याची आहे. लेकाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे प्रगतीच झाली की." असो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही टेकडी समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर उंच आहे, जुन्या पुण्याच्या हद्दीतलं सगळ्यात उंच टोक. एका अंगाला सेनापती बापट रस्ता आणि चतुःशृंगी, दुसऱ्या अंगाला कोथरूड, मागे पाषाण-पंचवटी, पुढे लॉ कॉलेज आणि फिल्म इन्स्टिट्यूट. कुणी हिला एआरएआयची टेकडी म्हणतं, कुणी लॉ कॉलेजची, वनखात्याच्या लेखी हा भांबुर्डा वनविभाग. (भांबुर्डा म्हणजे आजचं शिवाजीनगर. नवीन पिढीला हे सांगावं लागतं.) पण नाव टिकलं ते वेताळाचं, कारण माथ्यावर त्याचं ठाणं आहे. आज तिथे छोटं देऊळ आहे, वर छप्पर आहे, घंटा आहे. आत शेंदूर लावलेला देव.

आता आमच्या घरात या टेकडीची जी गोष्ट सांगत, ती सांगते.

अमावस्येच्या रात्री वेताळाची स्वारी निघते. पुढे मशाली, मागे सगळी भुतं, मधे वेताळ. टेकडीवरून उतरून ती नदीकडे जाते आणि पहाटेच्या आत परत येते. वस्तीतली कुत्री रडायला लागली की समजायचं, निघाली. वाटेत सापडलात तर बाजूला व्हायचं, पालथं पडायचं, वर बघायचं नाही. बघितलंत तर तुम्हीही त्या रांगेत सामील. शिवाय खाणीजवळ चकवा. आमच्या गल्लीतला एक म्हातारा रात्रभर त्या दगडखाणीला फेऱ्या घालत राहिला आणि उजाडल्यावर त्याला कळलं की घर हाकेच्या अंतरावर होतं. (तो पिऊन होता हे आजोबा हळूच सांगत. आजीसमोर नाही.)

ही गोष्ट फक्त आमच्या टेकडीची नाही. महाराष्ट्रभर, कोकणात, गोव्यात वेताळाची स्वारी निघते. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबा आहे, त्याला नवसाला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. रात्री देव गावाच्या हद्दीवर फिरतो, त्यामुळे चपला झिजतात, असं तिथले लोक सांगतात. गोव्यात तो बेताळ. लोलये, आमोणे अशा गावांत त्याच्या मूर्ती आहेत. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश, साष्टीतली देवळं पाडली, त्यांच्या नोंदींत बेताळाचं नाव पुन्हा पुन्हा येतं. म्हणजे जो आज आपल्याला भुतांचा राजा म्हणून माहीत आहे, तो तिथे गावाचा राखणदार होता. हद्दीवर उभा राहणारा. देशावरही तसंच. पैलवान मंडळी वेताळाला मानत ते उगाच नाही, रात्रीचं न भिता फिरणारा देव तो.

आणि एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. आपल्या मराठी भुतांची यादी काढली तर ती मेलेल्या माणसांची यादी आहे. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला तो मुंजा. बाळंतपणात गेलेली ती हडळ किंवा जखीण. पैशाअडक्यात जीव अडकून गेलेला तो समंध. कोण, कुठल्या वयात, कशात जीव अडकून गेलं, याची ती नोंदवहीच म्हणा ना. बाळंतपणात बायका किती मरत असतील, म्हणजे त्यासाठी भुताचा एक वेगळा प्रकारच लागला! वेताळ मात्र कुणाचंच भूत नाही. तो मेलेलाच नाही. तो या सगळ्यांना सांभाळणारा. हा फरक मला फार उशिरा कळला, आणि तो आजीमुळे कळला. त्याच्याकडे येतेच.

आधी थोडा कागदोपत्री इतिहास.

पुण्यात वेताळ फक्त टेकडीवर नव्हता, शहरातही होता. आज जिला गुरुवार पेठ म्हणतात ती बराच काळ वेताळ पेठ होती, तिथल्या वेताळाच्या देवळावरून. पेशवाईतल्या माणसांना पेठेला भुतांच्या राजाचं नाव द्यायला काही वाटलं नाही. आणि याच वेताळ पेठेत १५ मार्च १८५२ ला जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा उघडली. सावित्रीबाईंबद्दल आपण भिडे वाड्याचं नाव घेतो, वेताळ पेठेचं सहसा कुणी घेत नाही. मला नेहमी वाटतं की त्या शाळेत जाणाऱ्या पोरींना घरून काय काय सांगितलं गेलं असेल. शिकलीस तर असं होईल, तसं होईल. वेताळाच्या दारावरून रोज जायचं आणि वर पाटी-पेन्सिल हातात! पुढे फुल्यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) खंडोबा, म्हसोबा, जोतिबा ही बळीराजाच्या राज्यातल्या अधिकाऱ्यांची आठवण आहे अशी मांडणी केली. ती मान्य असो नसो, पण शेंदूर फासलेल्या दगडामागे इतिहास असू शकतो, हे ठणकावून सांगणारे ते पहिले.

इंग्रजांचंही लक्ष इकडे गेलं होतं. जॉन स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश मिशनऱ्यानं १८३९ च्या सुमारास दख्खनमधल्या ब्राह्मणपूर्व उपासनेवर निबंध लिहिला, त्यात वेताळ आहे. मधोमध एक मोठा दगड, भोवती लहान दगडांचं रिंगण, वर छप्पर नाही. लहान दगड म्हणजे त्याचे गण. आपल्याकडच्या दगडांच्या रिंगणांशी याचं नातं असेल का, हा मोह तेव्हाच्या ब्रिटिश लेखकांना आवरला नाही. तो विषय सोडून देऊ. पण 'छप्पर नाही' हे लक्षात ठेवा. वेताळाला मूळचं छप्पर नसतं. उघड्यावरचा देव. आपण त्याला देऊळ बांधलं, फरशी बसवली, ट्यूबलाईट लावली.

यावर खरं काम केलं ते दामोदर धर्मानंद कोसंबींनी. जन्म गोव्याचा, १९०७ चा, म्हणजे बेताळाच्याच मुलखातले. व्यवसायानं गणिती. आधी फर्ग्युसनला शिकवत, मग मुंबईत टाटा इन्स्टिट्यूटला, आणि त्यासाठी पुण्याहून डेक्कन क्वीननं जाऊन-येऊन. घर भांडारकर इन्स्टिट्यूट रस्त्यावर. तिथून टेकडी किती अंतरावर, तुम्हीच सांगा. हा माणूस टेकड्यांवर फिरायचा आणि जमिनीकडे बघत फिरायचा. आपण सगळे व्ह्यू बघतो! पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर त्यांना अश्मयुगीन माणसाची हत्यारं सापडत गेली. नखाएवढी, गारगोटीची, धार काढलेली पाती. सूक्ष्मास्त्रं म्हणतात त्यांना.

कोसंबींनी १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासावर जे इंग्रजी पुस्तक लिहिलं, त्यात वर्गपूर्व समाजाच्या वारशावरच्या प्रकरणात वेताळाच्या उपासनेला स्वतंत्र भाग दिलेला आहे. विचार करा. भारताचा इतिहास लिहायला बसलेला माणूस आधी सम्राटांकडे न जाता आपल्या घरामागच्या टेकडीकडे जातो. पुढे १९६२ च्या पुस्तकात त्यांनी ही मांडणी आणखी पुढे नेली. गावाबाहेर, माळावर, दोन वाटा मिळतात तिथे जी शेंदराची ठाणी दिसतात, त्यांच्या जागा आणि ही दगडी पाती सापडण्याच्या जागा पुष्कळदा जुळतात. याचा अर्थ असा की नांगर येण्याआधी गुरं-मेंढरं घेऊन फिरणाऱ्या माणसांच्या ज्या वाटा होत्या, त्या वाटांवर देव बसले. नंतर खाली नदीकाठी शेती आली, गावं वसली, माणसं खाली उतरली. देव वरच राहिले. जत्रेला, नवसाला, अमावस्येला माणसं पुन्हा त्या जुन्या वाटेनं वर जाऊ लागली.

मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा एकदम स्वारीची गोष्ट आठवली. टेकडीवरून उतरून नदीकडे जाणारी आणि परत वर येणारी रांग, हातात मशाली. कोसंबींनी असं म्हटलेलं नाही, हा माझा भाबडा तर्क आहे आणि त्याला पुरावा काही नाही. पण एक जुनी वाट गोष्टीत शिल्लक राहिली असेल, असं वाटून जातं.

आता आजी.

१२ जुलै १९६१. पानशेत फुटलं. आमचं बिऱ्हाड तेव्हा कसब्यात, नदीपासून जवळ. घर गेलं, भांडी गेली, आजोबांचं शिलाई मशीन गेलं. बाबा आठ वर्षांचे, त्यांची धाकटी बहीण तीन वर्षांची. कुणाच्या तरी माडीवर दोन दिवस काढले. पुढे पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरला वसाहत झाली, तिथे जागा मिळाली. त्या काळी गोखलेनगर म्हणजे शहराबाहेर, उजाड, आणि डोक्यावर वेताळाची टेकडी. पाण्यानं घर नेलं आणि सरकारनं भुताच्या पायथ्याशी आणून ठेवलं, असं आजी म्हणायची. आजीचं माहेर वेल्ह्याकडचं, वेताळ तिला नवा नव्हता. शेजारच्या वडारवाडीतले लोक दगड फोडायचे. पुण्यातल्या किती घरांचे पाये या टेकड्यांच्या पोटातून निघाले असतील कुणास ठाऊक. आज वरच्या खाणीत पाणी साठतं, मोर येतात, आणि आपण त्याला नैसर्गिक तळं समजून फोटो काढतो. त्या खाणीत कुणाचे तरी हात राबलेत.

दुसऱ्या पावसाळ्यात आत्या आजारी पडली. ताप. पहिल्या दिवशी साधा, दुसऱ्या दिवशी पोर बरळायला लागली. वस्तीतल्या एका बाईनं सांगितलं, अमावस्येला पोरीला दारात घेऊन बसली होतीस, लागीर झालंय. आजीनं नारळ घेतला आणि टेकडी चढली. वेताळाला बांगड्यांचा आवाज चालत नाही असं जुने लोक म्हणत. बायकांनी जवळ जायचं नाही. म्हणून तिनं पदर दोन्ही मनगटांवर घट्ट गुंडाळला आणि लांब उभी राहून दुसऱ्याच्या हातून नारळ फोडला. अंगारा आणला. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी आजोबांनी पोरीला उचलून दवाखान्यात नेलं, तेव्हा उशीर झाला होता.

मी हे मुद्दाम लिहितेय. टेकडी वाचवा म्हणणारे लोक (मीही त्यातलीच) हल्ली वेताळाबद्दल फार गोड बोलतात. लोकदैवत, निसर्गाचा रक्षक, वगैरे. आमच्या घरात वेताळानं एक पोर नेलंय. म्हणजे वेताळानं नाही, त्या तीन दिवसांनी. नरेंद्र दाभोलकरांना याच शहरात २० ऑगस्ट २०१३ ला गोळ्या घातल्या आणि त्यानंतर चार महिन्यांत जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो कायदा ज्या गोष्टींसाठी झाला त्यातली एक आमच्या घरात घडून गेली होती, पन्नास वर्षं आधी. त्यामुळे भुताच्या गोष्टीला मी नुसतं 'आपला वारसा' म्हणून नमस्कार करू शकत नाही.

पण इथे गोष्ट संपत नाही. आजी त्यानंतर दर अमावस्येला टेकडीवर जात राहिली. गुडघे चालत होते तोवर, म्हणजे जवळजवळ तीस वर्षं. तशीच, पदरात बांगड्या गुंडाळून, लांब उभी. बाबांना हे अजिबात सहन व्हायचं नाही. ते शाळेत विज्ञान शिकवायचे. ज्यानं पोर नेली त्याच्याच पाया पडतेस, असं एकदा ते मोठ्यानं बोलले. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन, मला तो दिवस स्वच्छ आठवतो. आजी तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "त्यानं नाही नेली. मी नेली नाही दवाखान्यात. पण आता ती त्याच्या माणसांत आहे ना? लहान आहे. सांगून ठेवायला नको त्याला?"

वेताळ हा भुतांचा राजा आहे, भूत नव्हे, हे मला त्या दिवशी कळलं. पुस्तकात वाचलं फार नंतर.

तर सर्वपित्रीच्या पहाटे आम्ही वर पोचलो तेव्हा झुंजुमुंजु झालेलं. दोन-तीन फिरायला आलेले काका, एक पळणारी मुलगी, आणि देवळाशी एक म्हातारे गृहस्थ तेलाची वात लावत होते. लेकानं विचारलं, घंटा वाजवू का? मी म्हटलं, वाजव. माझ्या हातात बांगड्या नव्हत्याच, घड्याळ होतं. तरी मी लांबच उभी राहिले. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. खाली सगळं पुणं दिव्यांचं होतं आणि पौड रस्त्याकडून गाड्यांचा तो एकसुरी आवाज येत होता, इतक्या पहाटेसुद्धा.

आता रस्ता.

बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत टेकडीच्या अंगावरून जाणारा दोन-सव्वादोन किलोमीटरचा रस्ता गेली कितीतरी वर्षं चर्चेत आहे. येतो, विरोध होतो, समिती बसते, कोर्टात जातो, थंड पडतो, निवडणुकीनंतर परत येतो. लहानपणी चांदोबा वाचलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. विक्रमानं खांद्यावर घ्यायचं, अर्ध्या वाटेत कुणीतरी तोंड उघडायचं, आणि प्रेत पुन्हा झाडावर. त्याच्या जोडीला टेकडीच्या पोटातून पंचवटी ते कोथरूड आणि पंचवटी ते सेनापती बापट रस्ता असे बोगद्यांचे प्रस्ताव. २०२३ च्या एप्रिलमध्ये याविरुद्ध मोठा मोर्चा निघाला, वेताळबाबा चौकातून. त्या मोर्चात मी होते. ज्यांच्या आयुष्यात कधी घोषणा दिलेल्या नव्हत्या असे लोक त्यात घोषणा देत होते, त्यामुळे जरा ताल चुकत होता, पण होते.

रस्त्याच्या बाजूनं बोलणारे सगळे बिल्डरचे दलाल आहेत असं मी म्हणणार नाही. लॉ कॉलेज रस्त्यावर संध्याकाळी सातला उभं राहून बघा. नळस्टॉपला अँब्युलन्स अडकलेली मी स्वतः पाहिलीय. आणि आमच्याच आत्याची गोष्ट घेतली, तर दवाखान्यात वेळेवर पोचणं ही गोष्ट मला कुणी शिकवायला नको. शिवाय टेकडीवर रोज फिरायला येणारे बहुतेक जण खालच्या बऱ्या सोसायट्यांमधले, हेही खरं आहे. वडारवाडीतली बाई पहाटे टेकडीवर फिरायला येत नाही, ती कामाला निघालेली असते.

पण मग हिशोब नीट मांडा ना. दोन किलोमीटरच्या रस्त्यानं कोंडी फुटते, की एका चौकातली दुसऱ्या चौकात जाते? पौड फाट्यावर आधीच काय कमी गर्दी आहे? आणि या टेकडीचा खडक म्हणजे बेसाल्टचे थरावर थर. वरचा झिजलेला, भेगाळलेला थर पावसाचं पाणी पितो, ते आतून झिरपत खाली येतं. खालच्या एरंडवण्यात, कोथरूडमध्ये विहिरी आणि बोअर कशाच्या जिवावर चालतात? ज्या शहराला १९६१ साली पाण्यानं एकदा दणका दिला आणि जे शहर आता दर उन्हाळ्यात टँकर मागवतं, त्यानं डोंगराच्या अंगावर बुलडोझर चालवताना दोनदा विचार करावा एवढंच म्हणणं आहे. झाडांबद्दल मी फार बोलत नाही. टेकडीवरची निम्मी हिरवाई ही लावलेल्या गिरिपुष्पाची आहे, ती कुणाच्या फारशी उपयोगाची नाही. मूळचं इथलं ते हे गवत, ज्यानं आमचे बूट भिजले. पण गवताला कुणी जंगल म्हणत नाही, त्यामुळे ते वाचवा म्हणून कुणी चिपको करत नाही.

आणि एक इतिहासाचा मुद्दा, जो कुठल्याही हरकतीच्या अर्जात मी पाहिला नाही. कोसंबींना ज्या प्रकारची दगडी पाती सापडली, ती आजही पुण्याच्या टेकड्यांवर मातीत असू शकतात. ती सापडतात वरच्या वीतभर मातीत. रस्त्याच्या कामात पहिली जाते ती तीच माती, डंपर भरून, कुठल्यातरी खड्ड्यात. कुणी चाळून बघणार नाही. शनिवारवाड्याच्या दगडाला धक्का लागला तर शहर रस्त्यावर येईल. शनिवारवाडा १७३२ सालचा. टेकडीवरचा पुणेकर त्याच्या हजारो वर्षं आधीचा आहे, पण त्याची बखर कुणी लिहिली नाही, म्हणून तो मोजत नाही. त्याचा एकच वारस शिल्लक आहे, शेंदूर फासलेला, आणि त्यालाही आपण भूत म्हणतो.

शेवटी बाबांचं सांगते आणि थांबते. बाबा आता सत्तरीच्या पुढे आहेत. बहीण गेल्यापासून ते टेकडीवर एकदाही गेलेले नाहीत, गोखलेनगरात आयुष्य काढूनसुद्धा. आम्ही परत आलो तेव्हा ते पेपर वाचत बसले होते. लेकानं त्यांना सगळं सांगितलं. घंटा, दिवा, मोर. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला म्हणाले, "लांब उभी राहिलीस की जवळ गेलीस?"

"लांब."

"हं." पेपरची घडी घातली. "मलाही एकदा जायचंय. पण आता चढवत नाही. तो रस्ता झाला तर रिक्षानं जाता येईल का गं?"

मी म्हटलं, "बाबा, तो रस्ता वर देवळापर्यंत जात नाही. खालूनच, टेकडीच्या अंगावरून पौड फाट्याला जातो."

"वेताळाकडे जातच नाही?"

"नाही."

"मग कशाला हवाय?" म्हणाले, आणि चहा मागितला.

दिवाळीनंतर, गवत वाळलं की त्यांना हळूहळू वर नेणार आहे. पंचवटीकडून चढ जरा कमी आहे असं ऐकते. वाटेत बसायला जागा कुठे आहेत हे त्या बाजूनं नेहमी जाणाऱ्या कुणी सांगितलं तर बरं होईल. गुडघे नव्हेत, दम लागतो.